साताऱ्याभोवतीचे सात डोंगर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'साताऱ्याजवळ फिरायला कुठे जावं'. त्याला कारण आहे. तुमच्यापैकी निम्मे लोक सोमवारपर्यंत इथे आहेत, बरोबर मुलं आहेत, काहींची नातवंडंही आहेत, आणि महिनाभर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय: "कासला फुलं आहेत का?" त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाहीत. डिसेंबर चालू आहे. आत्ता कासला गेलात तर वाळलेलं गवत आणि उघडा पडलेला जांभा दिसेल. वारा छान असतो, तळं सुंदर दिसतं, पण मुलांना "फुलं दाखवतो" म्हणून नेलंत तर परतीच्या घाटात तुमचं काही खरं नाही.

मी इथेच राहिलो. तुम्ही पुण्याला, मुंबईला, कुणी परदेशात गेलात, मी सातारा सोडलं नाही. नोकरी सांभाळून तीसेक वर्षं सकाळी कुठल्या ना कुठल्या डोंगरावर जात आलो. या विषयावर मला उभं करायला तेवढीच पात्रता पुरली असावी.

आपल्याला शाळेत सात डोंगर पाठ करायला लावले होते. आठवतात का? अजिंक्यतारा, यवतेश्वर, पेढ्याचा भैरोबा, जरंडेश्वर, सज्जनगड, नकदीचा डोंगर आणि कित्लीचा डोंगर. या सातांवरून सातारा, असं सांगितलं जायचं. नावाच्या व्युत्पत्तीवर ज्यांना वाद घालायचाय त्यांनी चहाच्या वेळी घालावा. पण सात डोंगर आहेत हे नक्की. आता हात वर करा बघू, सातही पायी चढलेले किती जण आहेत? ... चार. पाच. बाई, तुम्ही सुद्धा! वा. टाळ्या बाईंसाठी.

अजिंक्यताऱ्यापासून सुरुवात करू, कारण तो आपल्या घराच्या गच्चीतून दिसतो आणि म्हणूनच तो पाहिलाय असं सगळ्यांना वाटतं. शहरापासून किल्ल्याची उंची नऊशे फुटांच्या आसपास आहे, समुद्रसपाटीपासून म्हणाल तर तेहेतीसशे फूट. रमत गेलात तरी तासाभरात वर. गाडी जाते, पण गाडीने गेलेल्या माणसाला किल्ला कळत नाही असं माझं मत आहे. गाडीने गेलं की माणूस दरवाज्यापाशी फोटो काढतो, टीव्हीचा मनोरा बघतो आणि खाली येतो. पायी गेलेला माणूस घाम पुसत दरवाज्याशी थांबतो, आणि मग त्याला कळतं की ते दोन बुरूज त्याच्याकडेच बघतायत. वर येणाऱ्याला दमवून मग गाठायचं, हाच तर त्या बांधणीचा हेतू होता.

वर गेल्यावर सरळ मंगळाईच्या देवळाकडे चला. १७०० साली औरंगजेब स्वतः या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. चार महिने प्रयागजी प्रभूंनी किल्ला लढवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. पहिला उडाला तेव्हा आतली माणसं दगडमातीखाली गेली, खुद्द प्रयागजी ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. दुसरा उडाला तेव्हा तट उलटा बाहेर कोसळला आणि चढाईसाठी खाली जमलेलं मोगलांचंच सैन्य त्याखाली सापडलं. राजाराम महाराज गेल्याची बातमी आल्यावर एप्रिलमध्ये किल्ला द्यावा लागला आणि बादशहाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं. आठ वर्षांत चित्र पालटलं. १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच साताऱ्यात झाला. परीक्षेला आपण हे चार ओळींत लिहिलंय. पण मंगळाईपाशी तटावर उभं राहून खाली बघा आणि तीच गोष्ट बरोबरच्या मुलाला सांगा. सुरुंग म्हणजे काय, उतारावर वेढा घालणं म्हणजे काय, हे तिथे न समजावता समजतं.

तिथून चौफेर बघायची एक पद्धत आहे. पूर्वेला जरंड्याचा डोंगर धरायचा. तिथून नजर डावीकडे फिरवत गेलं की कल्याणगड, मग चंदन-वंदनची जोडी, मग समोर पश्चिमेला यवतेश्वरचं पठार, आणि डावीकडे मागे सज्जनगड. हिवाळ्यात सकाळी धुकं वितळल्यावर, साधारण आठ-साडेआठला, हे सगळं एका फेरीत दिसतं. उन्हाळ्यात धुरकट असतं, पावसाळ्यात ढग तुमच्या अंगावरून जातात. ते वेगळं सुख, पण त्यात किल्ले दिसत नाहीत.

उतरताना चार भिंतींवरून या. संध्याकाळी तिथे शेंगा खात बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना ते काय आहे हे माहीत नसतं. प्रतापसिंह महाराजांच्या काळात राजघराण्यातल्या स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक दिसावी म्हणून ही जागा बांधली, असं सांगतात. आज ते १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. रंगो बापूजींच्या उठावातल्या सतरा जणांना ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर मारलं, काहींना फाशी दिली, काहींना तोफेच्या तोंडी दिलं, काहींना गोळ्या घातल्या. गेंडामाळ आपल्या शहरातच आहे. आपण तिथून सायकली मारत गेलोय.

आता यवतेश्वर. श्रावणी सोमवारी शाळा अर्ध्या दिवसाची असायची, दप्तरं घरी टाकून आपण घोळक्याने यवतेश्वराला निघायचो. पायवाट होती, पाऊस असायचा, चपला हातात. आता घाटाचा रस्ता रुंद झालाय, सातारा हिल हाफ मॅरेथॉनमुळे तो बाहेरच्या लोकांनाही माहीत झालाय. ही शर्यत २०१२ मध्ये सुरू झाली, आणि त्या दिवशी शहर ज्या कौतुकाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून धावणाऱ्यांना टाळ्या देतं ते बघण्यासारखं असतं. पण घाटाच्या रस्त्याने चालणं आता त्रासाचं आहे. मोठ्या गाड्या, हॉर्न, वळणांवर सेल्फी घेणारे. मुलांना घेऊन जायचं तर रस्ता सोडून डोंगरातल्या वाटेने जा, आणि वाट माहीत असलेला माणूस बरोबर घ्या.

त्याच अंगाला खाली महादरे तळं आणि त्याच्या भोवतीचं रान आहे. हा परिसर आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि तो फुलपाखरांसाठी ओळखला जातो. शहरापासून एवढ्या जवळ असं रान असणं ही चैन आहे. पावसाळा संपता संपता, सकाळी ऊन तापायला लागलं की तिथे जा. फार चालू नका. एका जागी वीस मिनिटं गप्प बसा. लहान मुलांना हे जमत नाही असं आईवडिलांना वाटतं. माझा अनुभव असा की मुलांना जमतं, आईवडिलांना जमत नाही. त्यांचा फोन वाजतो.

पेढ्याच्या भैरोबाबद्दल एवढंच सांगतो की नावात पेढा आहे, वर पेढा मिळत नाही. खालून मोती चौकातून कंदी पेढे घेऊन जा. रोज सकाळी तिथे जाणारी मंडळी आहेत, वयं साठच्या पुढची. ती दोन-दोन लिटर पाण्याच्या बाटल्या खांद्याला लावून चढतात आणि वर लावलेल्या रोपांना घालतात. अजिंक्यताऱ्यावरही हे चालतं. त्यांचा कुठे बोर्ड नाही, फोटो नाही. नकदी आणि कित्ली या दोघांबद्दल फार बोलत नाही. तिथे जाणारे थोडे आहेत आणि ते तसंच राहावं असा माझा थोडा स्वार्थ आहे.

जरंडेश्वर पूर्वेला, कोरेगावच्या वाटेवर. श्रावणातल्या शनिवारी मारुतीला गर्दी असते, एरवी डोंगर शांत असतो. द्रोणागिरीचा तुकडा इथे पडला म्हणून वनस्पती औषधी, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी-खोटी असो, पण तिच्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी इथलं झाड तोडताना दोनदा विचार केला असेल. सज्जनगडाला तर तुम्ही सगळेच जाणार, घरचे नेतीलच. फक्त तिथून पुढे ठोसेघर आणि चाळकेवाडीचं पठार आहे हे लक्षात असू द्या. ठोसेघरचा धबधबा पावसाळ्यातला, आत्ता नाही. चाळकेवाडीला पवनचक्क्या बघायला लोक थांबतात, पण पायाखाली बघत नाहीत. ते कासच्याच जातीचं, जांभ्याचं पठार आहे.

या सातांत नसलेली एक जागा, जी आत्ताच्या दिवसांत आजी-आजोबांसकट जाण्यासारखी आहे, ती पाटेश्वर. देगावजवळून अर्धा-पाऊण तास सोपी चढण, दाट झाडी, एक पुष्करिणी, आणि मग शिवलिंगं. एक-दोन नव्हे, मोजता मोजता मुलं दमतात. एकाच पाषाणावर ओळीने कोरलेली, नखाएवढ्यापासून माणसाच्या कमरेएवढी. साताऱ्यात जन्म काढून पाटेश्वर न पाहिलेली माणसं मला भेटतात तेव्हा मी त्यांच्याशी जरा कमी बोलतो.

आणि ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत त्यांनी वासोट्याला जावं. हाच त्याचा मोसम. सकाळी सहाच्या आत साताऱ्यातून निघायचं, कासवरून बामणोलीला उतरायचं, वनखात्याचा परवाना काढायचा आणि होडीने शिवसागर ओलांडायचा. तासाभराहून जास्त पाणीच पाणी. कोयना धरणाने हे खोरं भरलं तेव्हा गावं उठली. पलीकडे मेट इंदवली म्हणून जिथे तुम्ही उतरता ते नाव एका गावाचं आहे, गाव आता तिथे नाही. हे होडीतच मुलांना सांगा. पुढे कोयना अभयारण्याचं रान, म्हणजे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वर बाबूकड्याच्या टोकाला उभं राहिलं की पुढे कोकण. रानात मुक्काम करता येत नाही, संध्याकाळपर्यंत परत होडीत बसायचंच. पावसाळ्यात वाट बंद असते. हट्ट करू नये.

आता कासवर येतो. मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण इथे मला थोडं भांडायचं आहे.

कासचं पठार चार हजार फुटांच्या आसपास आहे. खाली काळा बेसॉल्ट, वर जांभ्याचा थर, आणि त्यावर माती किती, तर काही ठिकाणी इंचभर. पावसाळ्यात जांभ्याच्या खळग्यांत पाणी साठतं, पाऊस थांबला की आठवड्यांत सुकतं. मातीत कस नाही, मूळ धरायला जागा नाही, वर वारा. मोठं झाड तिथे उभं राहू शकत नाही, म्हणूनच फुलांना रान मोकळं मिळतं. जमिनीत नत्र नाही म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू हे कीटक खाऊन भागवतात. सगळ्यांना दोन-तीन महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं असतं. म्हणून ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पठाराचा रंग दर दहा-बारा दिवसांनी बदलतो: पांढरे गेंद, गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, कवल्याची ती मिकी माउससारखी फुलं. साडेआठशेच्या आसपास वनस्पती इथे नोंदल्या आहेत. पाण्यात उगवणारा वायतुरा, इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटा फुटलेला, त्याच्या शास्त्रीय नावातच 'सातारेन्सिस' आहे. आपल्या गावाचं नाव घेऊन एक फूल जगभरच्या पुस्तकांत गेलंय आणि आपल्यातल्या किती जणांनी ते पाहिलंय? टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. सातवीत बहर पाहिलेल्या मुलाला पुन्हा तो बघायला कॉलेजात जावं लागतं.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या एकोणचाळीस जागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यातल्या महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. त्यानंतर गर्दी आली. पहिल्या काही वर्षांत सप्टेंबरच्या रविवारी लोक फुलांवर सतरंज्या अंथरून जेवत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग आजूबाजूच्या गावांची समिती आणि वनखातं यांनी शुल्क लावलं, ऑनलाइन नोंदणी आणली, रोजची संख्या बांधली, गाड्या लांब थांबवून बसने न्यायला सुरुवात केली. त्याबद्दल आपल्यातलेच लोक कुरकुर करतात. "आमच्याच गावात आम्हाला तिकीट?" मला हे पटत नाही. कास, एकीव, आटाळी, कासाणी इथल्या पोरांनी शिट्ट्या मारून, हातवारे करून, शिव्या खाऊन ती फुलं वाचवली आहेत. तिकिटाचे पैसे द्या आणि वाटेवरूनच चाला.

कुंपणाची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. गर्दीपासून वाचवायला पठाराला जाळीचं कुंपण घातलं. माणसं थांबली, तशी गुरंही थांबली. गुरं थांबली तसं गवत वाढलं. फुलं झाकली जातायत असं गावातली म्हातारी माणसं म्हणू लागली, मग काही अभ्यासकही म्हणू लागले. शेवटी कुंपण काढलं. शेकडो वर्षं गुरं चरत होती, त्या चरण्यालाही तिथल्या फुलांच्या हिशेबात जागा होती. मला यात गंमत वाटते ती अशी की ज्यांचं रोजचं जाणंयेणं होतं त्यांना हे आधी दिसलं.

आणि कास म्हणजे नुसती फुलं नव्हेत. आपण लहानपणी नळाखाली तोंड लावून प्यायलो ते पाणी कास तलावाचं. पूर्वी ते डोंगराच्या कडेकडेने उघड्या पाटाने, पंपाशिवाय, नुसत्या उताराने साताऱ्यात यायचं. आता बंद नळातून येतं, अलीकडे धरणाची उंचीही वाढवली. पठाराच्या एका अंगाला पडलेला पाऊस उरमोडीत जातो, दुसऱ्या अंगाचा कोयनेत. दोन्ही पाणी वेगवेगळ्या खोऱ्यांतून फिरून कराडला कृष्णेत पुन्हा भेटतात. पठारावर उभं राहून हे हाताने दाखवता येतं. भूगोलाचा असा धडा फळ्यावर कसा शिकवणार?

आता मुद्द्याचं बोलतो. गेल्या महिन्यात आपल्या शाळेत नववीच्या वर्गावर मला तासभर बोलायला बोलावलं होतं. मी मुलांना विचारलं, कास कुणी पाहिलंय? जवळजवळ सगळे हात वर. मग विचारलं, अजिंक्यताऱ्यावर पायी कोण गेलंय? निम्म्याहून कमी. यवतेश्वराला पायवाटेने? तीन हात. वर्गाच्या खिडकीतून किल्ला दिसत होता. एका मुलीने मला विचारलं, "काका, वर रेंज येते का?"

मी मुलांना दोष देत नाही. शाळेची पायी सहल कधीच बंद झालीय. मुख्याध्यापक बाईंशी मी सविस्तर बोललो. त्यांची अडचण खरी आहे. परवानग्या लागतात, पालकांची संमती लागते, एका शिक्षकामागे चाळीस मुलं डोंगरावर नेता येत नाहीत, आणि काही झालं तर जबाबदारी त्यांच्यावर. म्हणून वर्षाला एक बसची सहल होते, वॉटरपार्कला. त्या म्हणाल्या, "माणसं द्या, मी मुलं पाठवते."

हे का महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. गेल्या मार्चमध्ये यवतेश्वरच्या उतारावर वणवा लागला. दरवर्षी लागतो. जानेवारीपासून गवत वाळतं, कुणीतरी काडी टाकतं. कुणाला वाटतं जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमाने येतं, कुणी नुसती गंमत म्हणून. पण त्या आगीत उतारावर लावलेली रोपं जातात, गवतात जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात, आणि मोकळी झालेली माती पहिल्या पावसात खाली येते. खाली म्हणजे कुठे? तळ्यात आणि ओढ्यात. त्या संध्याकाळी शहरातून सगळ्यांना आग दिसत होती. लोक गच्चीवरून मोबाईलवर शूटिंग करत होते. हिरवे डहाळे घेऊन विझवायला वर गेलो आम्ही चौदा-पंधरा जण, आणि वनखात्याची माणसं. ते चौदा-पंधरा कोण होते? रोज सकाळी बाटल्या घेऊन चढणारे. सगळ्यात तरुण माणूस बावन्न वर्षांचा होता. रात्री अकराला खाली उतरताना त्यातले एक काका मला म्हणाले, "आपल्यानंतर कोण रे?" मला उत्तर देता आलं नाही.

मेळावा समितीने जमलेल्या निधीतून शाळेला कमान बांधायचं ठरवलंय असं ऐकतो. कमानीला माझा विरोध नाही, हौस आहे, होऊ द्या. माझं मागणं पैशाचं नाही. वर्षातले चार शनिवार मागतोय, आणि तेही इथे साताऱ्यात, कोरेगावात, कराडात, वाईत राहणाऱ्यांकडून. पुण्याच्या लोकांनाही दोन तास फार नाहीत, लग्नाला येताच की. दहा मुलांमागे एक मोठा माणूस हवा. आपल्यात दोन डॉक्टर आहेत, एकाने प्रत्येक फेरीला यायचं कबूल केलंय. संमतीपत्राचा नमुना आपल्या वकील मैत्रिणीने करून दिलाय. पहिली फेरी जानेवारीत अजिंक्यताऱ्याची, पायी, मंगळाईपर्यंत, आणि वनखात्याने परवानगी दिली तर त्याच दिवशी जाळरेषेचं थोडं काम. पावसाळ्यात यवतेश्वर पायवाटेने. सप्टेंबरात कास, शनिवार-रविवार टाळून, बामणोलीच्या एसटीने, रीतसर नोंदणी करून. डिसेंबरात पाटेश्वर. वासोटा दहावीच्या मुलांना, पण पहिलं वर्ष नीट पार पडलं तरच. घाई नको.

काही जण विचारतील, मुलांना सुट्टीच्या दिवशी क्लास असतात, ती येतील का? मी त्या नववीच्या वर्गात विचारलं होतं. फक्त एक मुलगा म्हणाला, "माझा क्लास असतो." मग थांबून म्हणाला, "पण मी सरांना विचारतो."

उद्या सकाळी सहाला समर्थ मंदिरापाशी जमू या, अजिंक्यताऱ्याला जाऊ. नातवंडं आणलीत तर फार बरं. पायात बूट घाला, चप्पल नको. पाणी आपापलं आणा आणि एक बाटली जास्तीची, रोपांसाठी. साडेनऊपर्यंत खाली येऊ, म्हणजे दुसऱ्या सत्राला पोहोचाल. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी चार भिंतींपर्यंत यावं आणि तिथे बसून आमची वाट बघावी. आणि शनिवारांसाठी नावं लिहायची वही मागच्या टेबलावर, नोंदणीच्या शेजारी ठेवली आहे. आत्तापर्यंत तिच्यात सहा नावं आहेत. पहिलं बाईंचं आहे.